निळ्याचं नाक आणि आईचे डोळे

रंगाऱ्यांच्या एका गावात एक आई राहत होती, आणि तिला झोप लागत नसे.

कारण तसं साधं होतं. तिची मुलगी आताआतापर्यंत चालत होती, ती पळायला लागली होती. घरामागे कापड धुवायची विहीर, एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला रान. दिवा मालवला की आई मनातल्या मनात मुलीला या तिन्ही ठिकाणी हरवून येई आणि सकाळी लाल डोळ्यांनी चुलीपुढे बसे. आपण उगाच घाबरतो हे तिला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

"अगं, विहिरीला कठडा आहे," नवरा म्हणे.

"कठडा आहे, पण मुलीला पाय आहेत," ती म्हणे.

त्यांच्या घरी एक पांढरा कुत्रा होता. पिल्लू असताना तो निळीच्या रांजणात शेपूट बुडवून आला होता. ते टोक पुढे कधी पांढरं झालंच नाही, म्हणून त्याचं नाव निळ्या. आई शिकलेली होती. तिने कुठल्याशा पोथीत वाचलं होतं की कुत्र्याला वास देऊन माणूस शोधायला शिकवता येतं. तिला वाटलं, हे जमलं तर मुलगी कुठेही गेली तरी सापडेल, आणि मग आपल्याला झोप लागेल.

तिने निळ्याला शिकवायला घेतलं. आधी पालथ्या टोपलीखाली तूप लावलेली भाकरी लपवली. मग मुलीची कुंची. मग खुद्द मुलगीच लपू लागली. आई कुंची निळ्याच्या नाकाशी धरून "शोध" म्हणायची, की तो सुटलाच. सापडली की भाकरीचा तुकडा.

"आई, डोळे मीट ना," मुलगी लपण्याआधी बजावायची. "ज्याच्यावर राज्य असतं त्यानं बघायचं नसतं."

"मिटलेत की," आई बोटांच्या फटीतून बघत म्हणायची.

निळ्या एकदाही चुकला नाही. नवरा ओसरीवर बसून कौतुकानं बघायचा. एकदा तो म्हणाला, "काय नाक आहे! मात्र निघण्याआधी तो तुझ्या तोंडाकडे बघतो, पाहिलंस का?"

"माझी माया आहे त्याला," ती म्हणाली. त्या रात्री तिला खरोखरच बरी झोप लागली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी नवरा कापडाचं गाठोडं घेऊन गावाला गेला. आई रांजणात कापड ढवळत होती. वळून बघते तो मुलगी अंगणात नाही. घरात नाही, ओसरीवर नाही.

"मैने," तिने हाक मारली. "अगं मैने, ओ दे." कुणी ओ दिली नाही.

ढवळायची काठी तिच्या हातून गळून पडली. पण निळ्या होता. तिने कुंची त्याच्या नाकाशी धरली. "शोध, बाबा." निळ्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि धावला, तो थेट विहिरीकडे.

आई मागोमाग धावली. ती कठड्याशी गेली, खाली वाकली. पाणी अगदी संथ होतं, आणि त्यात तिचाच चेहरा. तिने पुन्हा वास दिला. निळ्याने पुन्हा वर बघितलं आणि विहिरीलाच फेरा घातला. घाबरून तिची नजर नदीकडे गेली. निळ्या तसाच वळून नदीकडे धावला.

आई जागच्या जागी थबकली. तिने मुद्दाम मान रानाकडे वळवली. निळ्या वळून तिच्याकडे बघत, नदीची वाट सोडून रानाकडे पळू लागला.

तेव्हा तिला कळलं. निळ्या मुलीला शोधतच नव्हता. तो आईच्या भीतीमागे धावत होता. इतके दिवस मुलगी कुठे लपलीय ते तिला ठाऊक असायचं, आणि तो ते तिच्या डोळ्यांत वाचायचा. नाकानं शोधायला तिने त्याला कधी सवडच दिली नव्हती.

तिने निळ्याला जवळ बोलावलं. जमिनीवर बसली, कुंची पुढे धरली, "शोध" म्हणाली आणि पदर तोंडावर ओढून डोळे घट्ट मिटले.

एवढं अवघड काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. विहीर पाठीमागे होती. कानांना काहीबाही आवाज यायला लागले. निळ्या कुंकूं करत होता. त्याने तिच्या गुडघ्यावर पंजा ठेवला, पदर ओढून बघितला. तिने डोळे उघडले नाहीत. मग तो बराच वेळ उभा राहिला असावा. मग कुंची हुंगल्याचा आवाज आला, मग जमीन हुंगल्याचा. तो आवाज लांब लांब गेला. विहिरीकडे नाही, नदीकडेही नाही.

वाळत घातलेल्या कापडांमागून भुंकणं आलं.

तिथे एक फुटका रांजण आडवा पडला होता. त्यातून शेपटीचं निळं टोक हलत होतं आणि आत मुलगी हसत होती. आईने तिला बाहेर ओढून छातीशी धरलं.

"ओ का दिली नाहीस गं?"

"लपल्यावर कुणी ओ देतं का? आणि न सांगता लपले, कारण तू बोटांतून बघतेस."

आईने पदराने डोळे पुसले. निळ्याला अख्खी भाकरी दिली. मग मुलीला मांडीवर घेऊन, जे आत्ताच शिकली होती ते सांगू लागली. "या सगळ्याचं तात्पर्य असं, मैने, की ज्याला वाट शोधायला शिकवायचं, त्याच्यापुढून आधी आपली भीती बाजूला घ्यावी. नाहीतर तो वाट सोडतो आणि आपली भीतीच शोधत बसतो. म्हणून आजपासून मी डोळे मिटणार. खरेखुरे."

मुलीने जरा विचार केला. आईच्या गालावरचा ओला निळा डाग बोटाने पुसला.

"थोडं थोडं बघितलंस तरी चालेल," ती म्हणाली. "फक्त निळ्याला कळू देऊ नकोस."