आधी जावेच्या दारी

फिरते ख्रिस्ती उपदेशक थोमाबाबा त्या वर्षी कापणीच्या सणाला करंजदऱ्यात उतरले होते. देऊळ म्हणजे चार मातीच्या भिंती नि वर पत्रा. पण बाबा आले म्हटल्यावर आसपासच्या वस्त्यांवरून माणसं बैलगाड्या जोडून आली. बाबांची रीत अशी की ते शास्त्रातलं एकच वचन वाचायचे आणि म्हणायचे, "आता हे घरी न्या आणि याला तुमचं घर दाखवा." एवढंच प्रवचन. काहींना ते फारच थोडं वाटायचं.

अशांत पहिले शलमोन पंच. त्यांना अध्यायच्या अध्याय तोंडपाठ. बाबा वाचायला लागले की हे पुढचं वाक्य आधीच पुटपुटायचे, शेजाऱ्याला ऐकू जाईल इतपत.

त्या दिवशी ताबिथा आली ती बाजरीच्या कणसांची टोपली डोक्यावर आणि तान्ही मुलगी पोटाशी धरून. बाळंतपणानंतरच्या तापात तिचं दूध आटलं होतं. शेळीचं दूध पोरीला पचत नव्हतं, प्यायली की उलटायची. आता तर ती रडतही नव्हती, नुसती बघत राहायची. सगळे उपाय करून झाल्यावर ताबिथाकडे एकच उरलं होतं. अर्पण द्यायचं आणि बाबांचा हात लेकीच्या डोक्यावर ठेवून घ्यायचा.

ती वेदीपाशी पोचली आणि बाबांनी वचन वाचलं. दान घेऊन वेदीशी आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही सलतंय, तर दान तिथंच राहू दे. आधी जा, त्याच्याशी गोडी कर, मग ये.

ताबिथा जागीच थबकली. भाऊ तर तिला नव्हता. पण डोळ्यांपुढं थोरली जाऊ, सारजा, उभी राहिली. महिन्यापूर्वी सारजेचं तान्हं गेलं, तेव्हापासून ती ताबिथाशी बोलत नव्हती. समोर आली की तोंड फिरवायची. का, ते ताबिथाला कळत नव्हतं. उलट आपलं लेकरू बघून तिला जास्त त्रास होईल म्हणून आपण लांब राहिलो. मग तिला सलावं असं आपण केलं तरी काय? आणि ठाऊकच नसलेल्या चुकीची माफी मागायची कशी? पुढं व्हावं तर वचन अडवतंय, मागं फिरावं तर लेकरू हातातून चाललंय. बिचारीला काही उमगेना.

"बाबा, माझी चूकच मला ठाऊक नाही," ती म्हणाली.

"मलाही ठाऊक नाही, माय," बाबा म्हणाले. "जिला ठाऊक आहे तिलाच विचार."

टोपली तिथंच ठेवून ती निघाली. शलमोन पंच हसले. "घ्या, पोर मरायला टेकली आणि ही चालली भाऊबंदकी मिटवायला. अगं, वचन असं शब्दाला धरून घ्यायचं नसतं." आणखी चौघं हसले. बाबांनी पुस्तक मिटलं आणि खाली बसले. "ती येईपर्यंत आपण थांबू," ते म्हणाले. पंचांनी कपाळाला हात लावला.

सारजा ओट्यावर दाणे पाखडत होती. ताबिथाला पाहताच ती उठून आत निघाली.

"जाऊबाई, माझं काय चुकलं ते विचारायला आलेय."

सारजा वळली. "आता विचारतेस? माझं लेकरू मातीत घातलं तेव्हा सगळं गाव आलं, तू नाही आलीस. माझी नजर तुझ्या पोरीला लागेल म्हणूनच ना?"

ताबिथा गडबडून गेली. असलं काही तिच्या स्वप्नातही नव्हतं. "नाही हो. शलमोनमामा म्हणाले, बाळंतिणीनं त्या घरी जाऊ नये, बरं नसतं. ते शास्त्र जाणणारे, मी ऐकलं. आणि मला वाटलं, पोरगी बघून तुम्हाला... पण मी यायला हवं होतं." ती उभ्या उभ्या रडायला लागली.

सारजेची नजर पोरीच्या सुकलेल्या ओठांवर गेली. "ही अशी का दिसतेय गं?"

"माझं दूध आटलंय."

सारजेनं सूप टाकलं. "आणि मी रोज भिंतीवर पिळतेय," ती म्हणाली. "दे इकडं."

तिथंच बसून तिनं पोरीला पदराखाली घेतलं. आधी पोरीला ओढताच येईना. मग एक घोट गेला, दुसरा गेला, आणि काय सांगू तुम्हाला, हूं की चूं न करणाऱ्या त्या जिवानं सारजेची चोळी मुठीत गच्च धरली! दोघी जावा पोटभर रडल्या. पुढं ताबिथालाही पुन्हा पान्हा फुटला, पण बाबा म्हणत, चमत्कार झाला तो त्या ओट्यावरच.

देवळात लोक घामानं निथळत बसले होते. दोघी आत आल्या, पोरगी सारजेच्या खांद्यावर झोपलेली. सारजा सरळ पंचांपुढं जाऊन उभी राहिली. "माझ्या दारी येऊ नको, असं तुम्हीच हिला सांगितलंत?"

पंचांनी सवयीनं तोंड उघडलं. ही शिकवण शास्त्रात कुठं आहे, ते त्यांना आठवेना. इतक्या अध्यायांत ती कुठंच नव्हती. ते उठले आणि बाबांच्या पायांशी वाकायला आले. बाबांनी पाय मागं घेतले.

"इकडं कशाला, शलमोनराव? वचन तर तुम्हाला पाठ आहे."

पंच सारजेकडं वळले. मग त्यांनी फेटा उतरवला आणि भरल्या देवळात सारजेपुढं गुडघे टेकले.

"बाई, तुझं लेकरू गेलं तेव्हा मी तुझ्या दारात अख्खा अध्याय म्हणून दाखवला," ते म्हणाले. "तुझ्याकडं मात्र एकदाही बघितलं नाही." आणि त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं.