टण आल्याशिवाय आत नाही

चिचखेड्याच्या खाण संग्रहालयात शिरण्याआधी दारावरच्या दगडाला काठीने तीनदा ठोकावे लागते. 'टण' असा आवाज आल्याखेरीज कुणी उंबरठा ओलांडत नाही. पाहुणे हसतात. मग राखणदार बळीरामकाका त्यांना आत टांगलेली एक पांढरी साडी दाखवतात आणि तिची गोष्ट सांगतात.

गावची कोळशाची खाण कायमची बंद व्हायची होती, त्या दिवशीची ही गोष्ट. तीनचा भोंगा झाला की वाळू भरून ती बुजवणार होते. संग्रहालय उभारणाऱ्या इंदुमती वैरागडे इतिहासाच्या अभ्यासक. त्यांना खालून एकच वस्तू हवी होती, छताला आधार देणारा सागाचा जुना खांब. खाणीत कुणी दगावला की सोबती त्याची खूण त्यावर कोरत, असे सांगतात. कुणाचा विळा, कुणाचा मोर. अशा एकतीस खुणा. त्या माणसांची नावे कागदावर कुठेच नव्हती.

त्या खाली उतरल्या, तेव्हा बरोबर लिंगू मडावी होता. काठीने छत ठोकून ते पक्के की पोकळ हे ओळखण्यात त्याचा जन्म गेलेला.

"काढा तो खांब," बाई म्हणाल्या.

लिंगूने छत ठोकले. "नाही जमत, बाई. वर पोकळ हाये."

"एकतीस माणसं आहेत ती, लिंगूभाऊ!"

"मले सांगता? सगळ्यात वरचा मासा माह्या भावाचा हाये." त्याने काठी त्यांच्या हाती दिली. "तुमीच ठोका. टण आलं तर काढतो."

बाईंनी ठोकले. भद्द. जरा सरकून पुन्हा ठोकले. भद्दच.

त्या क्षणभर खांब धरून उभ्या राहिल्या. मग अंगावरच्या पांढऱ्या साडीचा पदर सोडून त्यांनी तो खांबाला घट्ट गुंडाळला आणि वरून कोळशाची भुकटी चोळू लागल्या. खुणा कापडावर उमटत गेल्या. तीस झाल्या. मासा उंचावर होता. बाईंनी टाचा उचलल्या, तोच वरून खडे गळू लागले.

"बाई, चला!"

"एकच राहिलाय! तुमचा भाऊच..."

"राहू द्या त्याले!" लिंगूने त्यांना हाताला धरून ओढले. दोघे वळणापलीकडे गेले आणि मागे छत बसले, म्हणे.

संग्रहालय उघडले त्या दिवशी बाईंनी लिंगूपुढे कोळशाचा तुकडा धरला. साडीवर मासा काढा, म्हणाल्या. लिंगूने नकारार्थी मान हलवली.

"तो तिथंच बरा. आपण निघेपर्यंत त्यानंच छत धरलं."

मग दाराकडे जाऊन त्याने दगड तीनदा ठोकला आणि लोकांना आत सोडले.

आजही साडीवरची ती जागा कोरीच आहे. पाहुण्यांनी ठोकले की बळीरामकाका कान देऊन ऐकतात आणि मगच म्हणतात, "या. पक्कं हाये."