वरची गाठ

पाखरंही शब्दावर घरं विकत, त्या काळची गोष्ट. एका सुगरण पक्ष्याने विहिरीवर लोंबणारं आपलं जुनं, फाटकं घरटं मुनियेला विकायचं ठरवलं. ताबा पौर्णिमेला मिळणार होता. पण मुनियेचे अंडी घालायचे दिवस जवळ आले होते, म्हणून तिने आधीच भोकं विणून बुजवली, आत कापूस अंथरला, फांदीवरची सुटत आलेली गाठ नव्याने बांधली.

येणारी-जाणारी पाखरं घरटं बघायला थांबू लागली, तसं सुगरणदादाच्या पोटात दुखू लागलं. "घरटं माझं आणि कौतुक हिचं?" तो आत जाऊन बसला. "व्यवहार मोडला. चालती हो!"

मुनियेने पंच धनेशाला बोलावलं. तो म्हणाला, "दोन वाटा आहेत, पोरी. ठरलेलं घरटं माग, नाहीतर तू लावलेलं सगळं परत घे."

"घेऊन जा! तुझी काडीसुद्धा नको मला," सुगरणदादा आतून ओरडला.

मुनियेने कापूस काढला, विणलेलं उसवलं आणि शेवटी वरच्या गाठीला चोच लावली. घरटं कललं.

"अगं थांब! घरटं विहिरीत पडेल माझं!"

"तुमचं जेवढं आहे तेवढंच पडेल, दादा. गाठ माझी आहे."

"बरं बाई, घरटं तुझंच," म्हणत सुगरणदादा बाहेर आला. उडताना मात्र त्याने त्या कापसाकडे वळून पाहिलंच.