मैदानाकडे पाठ

इंग्लंडच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या एका गावात एकदा एक निवृत्त फुटबॉलपटू तिथल्या क्लबच्या मुलांना खेळ शिकवीत असे. हयातभर तो मधल्या फळीत खेळला. चार क्लब झाले, गुडघे झिजले, पण नाव काही झाले नाही. वर्तमानपत्रात गोलचे छायाचित्र येई, तेव्हा त्याचे फार तर एखादे कोपर कडेला दिसे. त्याचे त्याला सुखदुःख नसावे, कारण ती कात्रणे त्याने कधी कापूनच ठेवली नाहीत.

त्याच्या हाताखाली एक तरुण शिष्य होता. पायात कसब होते, छातीत दम होता, आणि चेंडू दिसला की तो खाटकामागे लागलेल्या कुत्र्यासारखा त्यामागे धावत सुटे. मोसम संपत आला होता. तिकडची रीत अशी, की मोसमाच्या शेवटी क्लब काही मुलांना ठेवून घेतो आणि बाकीच्यांशी हस्तांदोलन करतो. हस्तांदोलन झाले की घरी. शिष्याच्या घरी मामांचे मासळीचे दुकान होते आणि मामांनी त्याच्यासाठी रबरी एप्रन आणूनही ठेवला होता.

निवडीचा सामना क्लबच्याच दोन संघांत होता. क्लबचे व्यवस्थापक स्वतः कोटाच्या खिशात हात घालून प्रेक्षकांत बसले होते. शिष्य जिवाच्या आकांताने धावला. चेंडू डावीकडे, तर हा डावीकडे. उजवीकडे, तर हा उजवीकडे. दर वेळी तो पोहोचेपर्यंत चेंडू पुढे गेलेला असे. अर्धा खेळही झाला नव्हता, तोच प्रशिक्षकांनी त्याला बाहेर बोलावले.

"सर, माझं काय चुकलं?"

"बस इथं. असा नाही. मैदानाकडे पाठ करून बस."

शिष्याला वाटले, ऐकण्यात घोटाळा झाला. "पाठ करून? सर, साहेब बघताहेत. माझं काय ते आज ठरायचंय."

"म्हणूनच म्हणतो. वळ तिकडे. आणि सामना कसा चाललाय ते मला सांगत राहा."

म्हातारा चळला, असे मनाशी म्हणत शिष्य वळून बसला. आता त्याच्यासमोर मैदान नव्हते, माणसे होती. त्याला मामांचा एप्रन दिसू लागला. थोड्या वेळाने मात्र, दुसरे काही पाहण्यासारखे नसल्यामुळे, तो माणसांकडे पाहू लागला. सगळ्या माना एकदम डावीकडे वळत, मग एकदम उजवीकडे, घड्याळाच्या लंबकासारख्या.

"चेंडू डावीकडे आहे," तो कुरकुरत म्हणाला. "आता उजवीकडे."

"छान. आणखी?"

आणखी एक वयस्क बाई होत्या. मांडीवर लोकरीचा गुंडा, हातात सुया. सगळे डावीकडे पाहत असता त्या एकट्या भलतीकडेच पाहत होत्या. कंटाळल्या असतील, शिष्याला वाटले. पण काही क्षणांतच सगळ्या माना वळल्या त्या नेमक्या बाई पाहत होत्या तिकडे. पुन्हा तसेच घडले. तिसऱ्यांदा शिष्याने माना सोडून दिल्या आणि फक्त बाईंचे डोळे धरले.

"सर, त्या विणकाम करणाऱ्या बाई कोण? चेंडू कुठं जाणार ते त्यांना आधीच कसं कळतं?"

"ती होय? माझी बायको. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, असं तीच सांगते." प्रशिक्षक हसले. "आमचं लग्न झालं त्या वर्षी क्लब मला काढून टाकणार होता. मीही तुझ्यासारखाच चेंडूमागे पळायचो. ही नवी नवरी. ती सामना बघायला येत नसे, मला बघायला येई. एकदा जेवताना म्हणाली, 'तुम्ही सगळे एकाच कोपऱ्यात गर्दी करता. पलीकडे एवढी जागा रिकामी पडलेली असते. तिथं उभं राहायला बंदी आहे का?' मला राग आला. म्हटलं, तू बटाटे वाढ. पण पुढच्या सामन्यात गुपचूप तिथं जाऊन उभा राहिलो, आणि चेंडू माझा पत्ता विचारत आला. बाळा, अख्ख्या सामन्यात चेंडू आपल्या पायाशी दोन-तीन मिनिटं असतो. तेवढं सगळ्यांनाच खेळता येतं. उरलेल्या वेळात तू कुठं पाहतोस, त्यावर मधल्या फळीचा खेळाडू ठरतो. जा आता आत."

शिष्य आत गेला. पाय धावायला शिवशिवत होते. त्याने त्यांना आवरले. खांद्यावरून मागे पाहिले, इकडेतिकडे पाहिले, आणि जिथे कोणीच नव्हते अशा जागी जाऊन उभा राहिला. पहिल्यांदा काही झाले नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग दाटीतून निसटलेला चेंडू थेट त्याच्याकडे आला. पुढे कोण मोकळे आहे हे त्याला आधीच ठाऊक होते. एका स्पर्शात त्याने तो पुढे दिला, तिथून गोल झाला, आणि सगळे गोल करणाऱ्याच्या गळ्यात पडले. शिष्य लांब एकटाच उभा होता. त्याने प्रेक्षकांत पाहिले. बाईंच्या सुया थांबल्या होत्या. दोन रांगा मागे व्यवस्थापकही त्याच्याचकडे पाहत होते.

एप्रन मामांनाच राहिला.

जाताना शिष्य बाईंपाशी थांबला. "तुम्हाला खेळ इतका कसा समजतो?"

"मला मेलीला काय समजतंय," त्या लोकर गुंडाळत म्हणाल्या. "हे असते तर कुठं उभे असते, तिकडे डोळे जातात इतकंच. जुनी सवय."

बाहेर पडताना दारात मुलांची गर्दी झाली होती. शिष्याने एकवार मागे वळून पाहिले, आणि पलीकडच्या रिकाम्या दाराने शांतपणे निघून गेला.

मैदानात काय नि घरात काय, चेंडू आपल्याकडे येईपर्यंतचा वेळ पाहण्यासाठीच असतो.