तांबटाच्या परसातले अकरा मासे

फार पूर्वीची गोष्ट. जिथे ढग अंगणात उतरतात अशा उंच डोंगरमाथ्यावर एक गाव होतं आणि त्या गावात एक तांबट राहत होता. पौष महिन्यात तिथे एवढं हिव पडायचं, की दाराशी ठेवलेल्या बादलीतलं पाणी सकाळी काचेसारखं घट्ट झालेलं असे.

तांबट मोठा उत्साही माणूस. त्याचा हातोडा सकाळी जो सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत थांबत नसे. हंडे, घागरी, तपेली, काही ना काही घडत असायचं. हातातलं काम संपलं तर तो शेजाऱ्याच्या दाराची कडी दुरुस्त करी, आणि कडी धडधाकट असली तर ती काढून पुन्हा बसवी. त्याची बायको हसायची. "अहो, घडीभर बसलात तर जमीन काही खचणार नाही," ती म्हणायची. पण ऐकतो कोण!

त्या वर्षी पाऊस अतोनात झाला आणि गावाखालच्या तळ्याचा बांध फुटला. एका दुपारात तळं रिकामं झालं. त्या तळ्यात सोनेरी पाठीचे मासे होते. पंचक्रोशीत तसे मासे दुसरीकडे कुठेच नव्हते. पोरं काठावर पाय सोडून बसली की ते येऊन बोटांना गुदगुल्या करायचे आणि पोरांच्या किंकाळ्या पार चावडीपर्यंत ऐकू यायच्या. तळ्याकाठी राहणारा म्हातारा भोई गुडघाभर चिखलात धावला, पडला, पुन्हा उठला. त्याच्या हाती अकरा मासे लागले. दोन रांजणांत घालून त्याने ते गावात आणले.

"बांध उभा राहायला पुढचा पावसाळा उजाडेल," तो चावडीवर सगळ्यांना म्हणाला. "तोवर हे जीव ठेवू कुठे? रांजणात फार दिवस टिकायचे नाहीत. आणि हे अकरा गेले, की संपलंच बीज."

तांबट ताडकन उभा राहिला.

"माझ्या परसात आजोबांनी बांधलेलं टाकं आहे. फुटलंय, पण मी ते पुन्हा बांधतो! आजच लागतो!"

आणि तो खरंच त्याच दिवशी लागला. टाक्यात वर्षानुवर्षांची राख आणि फुटकी मडकी साचली होती. नवरा-बायकोने मिळून ती सगळी उपसली. भोई काठावर उकिडवा बसून आत बघत होता.

"हे तर गुडघाभरच आहे रे," तो म्हणाला. "हिवाळ्यात तळापर्यंत गोठेल. मग मासे जातील कुठे?"

"किती खोल हवं, बाबा?"

"तू आत उभा राहिलास, तर काठाच्या वर तुझं पागोटं दिसता कामा नये."

तांबटाने पागोट्यावरून हात फिरवला, बायकोकडे बघितलं आणि कुदळ उचलली. चार दिवस परसातून नुसते कुदळीचे घाव ऐकू येत होते. पाचव्या दिवशी त्याची बायको काठापासून दूर उभी राहून ओरडली, "दिसत नाही! पागोटं दिसत नाही!" आणि आतून तांबटाची आरोळी आली. सगळी गल्ली धावून आली. कोणाला वाटलं, हा पडला की काय!

मग तळाला आणि भिंतींना लावायला चिकणमाती आणली. ती पायांनी तुडवून लोण्यासारखी मऊ करायची होती. बायका आल्या, म्हातारे आले, पोरं तर बोलावण्याआधीच आली. सगळे हातात हात घालून माती तुडवू लागले. कोणीतरी गाणं धरलं. भोयाने धोतर खोचलं आणि तोही त्या घोळक्यात शिरला. संध्याकाळी माणसं कोणती आणि माती कोणती ते ओळखू येईना.

टाकं भरलं. सकाळी बघतात तर निम्मं पाणी गायब! तांबट एवढंसं तोंड करून उभा राहिला. पण बायकोने ओल्या भिंतीवरून बोट फिरवत फिरवत कोपऱ्यातली चीर शोधून काढली. पुन्हा माती तुडवली, पुन्हा लिंपण केलं, वर चुना ओढला. या वेळी तीन दिवस झाले तरी पाणी बोटभरही उतरलं नाही. मग चुन्याचा कडकपणा जावा म्हणून तेही पाणी काढून टाकलं आणि झऱ्याचं ताजं पाणी भरलं. एका बाजूला पाणवनस्पती लावली. अकरा मासे आत सोडले तेव्हा अख्खा गाव काठावर उभा होता. सोनेरी पाठी उन्हात चमकल्या, आणि एकच जल्लोष झाला. तांबट एवढा नाचला, की काठावरून आत पडता पडता वाचला.

थंडीची चाहूल लागली तसा भोई बांधासाठी दगड आणायला खालच्या मुलखात निघाला. जाण्याआधी त्याने तांबटाला जवळ बसवलं.

"तीन गोष्टी सांगतो. पाणी गार झालं की यांना खायला घालायचं नाही, एक कणही नाही. पोटातलं पचत नाही यांना. ते तळाशी जाऊन गप्प बसतील. त्यांना ढवळायचं नाही. आणि वर बर्फ धरला, तर हवेसाठी एक भोक राखायचं. पण घण मारायचा नाही. त्याचा दणका पाण्यातून थेट यांच्या अंगात शिरतो. बर्फ हळू उघडायचा."

"एवढंच ना, बाबा? मी रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून बघेन!"

"बघायला हरकत नाही," भोई म्हणाला. "हात आवर म्हणजे झालं."

मार्गशीर्ष निम्मा सरला आणि मासे तळाशी गेले. एरवी तांबट काठावर आला की उसळी मारून वर येणारे ते आता दगडासारखे पडून असायचे. तांबटाच्या जिवाला घोर लागला. तो दिवसातून दहादा काठावर जाऊन वाकायचा.

"अगं, हे उपाशी मरतील!"

"बाबांनी काय सांगितलं होतं?"

"बाबा काय, म्हातारे झालेत. बघ की कसे पडलेत ते!"

एके दिवशी दुपारी छान ऊन पडलं होतं. बायको पाण्याला गेली होती. पाणी थोडं कोमट झाल्यासारखं वाटलं, आणि एक मासा हळूच वर आला. त्याच्या शेपटीवर पांढरा ठिपका होता. तांबटाचा तो सगळ्यांत लाडका. "आलास का रे राजा!" असं म्हणत त्याने मूठभर शिळा भात पाण्यात सोडला. मासा भात खाऊ लागला. तांबटाला एवढा आनंद झाला, की त्याने आणखी एक मूठ टाकली.

त्या रात्री थंडी कडाडली. तिसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या ठिपक्याचा मासा पाण्यावर उलटा तरंगत होता.

तांबट काठावर मटकन बसला. बायकोने पाण्यातली भाताची शितं पाहिली आणि तिला सगळं समजलं. ती रागावली नाही. तिने जाळीच्या झाऱ्याने उरलेली शितं हलकेच काढली, मासा बाहेर काढला आणि दोघांनी मिळून तो परसातच पुरला. त्या दिवशी हातोड्याचा आवाज आला नाही. गावाला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

पौषात तर कहरच झाला. एका सकाळी टाकं या काठापासून त्या काठापर्यंत गोठलेलं होतं. सुई जाईल एवढीही फट नव्हती. बातमी गावभर पसरली. माणसं घोंगड्या लपेटून परसात जमली.

"गुदमरतील ते!" एकजण ओरडला.

"फोड, तांबटा, फोड! घण आण!"

"लवकर! बघतोस काय?"

तांबट धावत जाऊन घण घेऊन आला. त्याने तो डोक्यावर उचलला. सगळ्यांनी श्वास रोखले. बर्फाखाली, खूप खोल, दहा सोनेरी सावल्या अंधुक दिसत होत्या. एक घाव, की बर्फ फुटणार होता. आयुष्यभर त्याने घावानेच तर सगळं घडवलं होतं.

आणि त्याला उलटा तरंगणारा मासा आठवला.

त्याने घण खाली आणला आणि हळूच, आवाज न करता, गवतावर ठेवला.

"अरे, घाबरलास काय?" मागून कोणीतरी म्हणालं.

"हो," तांबट म्हणाला. "घाबरलो. हे उघडायचं, पण हळू." आणि त्याचे डोळे एकदम चमकले. "पाणी तापवा! ज्याच्या घरी चूल पेटलीय त्याने पाणी तापवा!"

तो घरात धावला आणि तांब्याचा मोठा हंडा घेऊन आला. बायकोने चुलीवरचं उकळतं पाणी त्यात ओतलं. काठावर आडवी फळी टाकून, तिच्यावरून सरपटत जाऊन तांबटाने तो हंडा हलकेच बर्फावर टेकवला. हंड्याच्या कानांना दोरी बांधून तिचं टोक बायकोच्या हातात दिलं.

लोक वाट बघत राहिले. काहीच होईना. हंडा निवला तसं बायकोने तो ओढून घेतला, आणि कोणीतरी धावत नवं पाणी आणलं. दुसरा हंडा, तिसरा हंडा. घराघरांतून वाफाळत्या घागरी येऊ लागल्या, माणसांच्या रांगेतून हातोहात पुढे सरकू लागल्या. पाचव्या हंड्याला एक पोरगी ओरडली, "बुडतोय! हंडा बुडतोय!" बायकोने दोरी खेचली. हंडा वर आला, आणि त्याच्या जागी ताटाएवढं गोल, काळंभोर पाणी लकाकलं. तिथून एक बुडबुडा वर आला, आणि दुसरा. असा काही जल्लोष झाला, की झाडांवरचं हिव खाली गळालं.

पण टाकं दुसऱ्या दिवशी पुन्हा गोठलं. पुन्हा हंडे आले. अठरा सकाळी तांबटाच्या परसात गाव जमला. लोकांना त्याची एवढी गोडी लागली, की बायका भाकऱ्याही तिथेच आणू लागल्या. तांबट मात्र भोक पडलं, की सगळ्यांना मागे सरकवायचा. "झालं आता. त्यांना त्यांचं राहू द्या," म्हणायचा, आणि स्वतः आधी मागे जायचा.

फाल्गुन लागला. ऊन तापलं. एका सकाळी पाण्यावर तरंग उठला, मग दुसरा, आणि बघता बघता दहाही सोनेरी पाठी वर आल्या! तांबट आणि त्याची बायको परसात लहान मुलांसारखे उड्या मारू लागले.

चैत्रात भोई परतला. तो काठावर बसला आणि त्याने मासे मोजले. दोनदा मोजले. तांबट त्याच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला.

"बाबा, एक माझ्या हातून गेला. मीच भात घातला. तुम्ही नको म्हणाला होतात, पण मला राहवलं नाही."

"आणि घण?" भोयाने विचारलं.

"उचलला होता, बाबा. मारला नाही."

"म्हणून हे दहा आहेत," भोई म्हणाला. त्याने तांबटाला हाताला धरून पाणवनस्पतीजवळ नेलं. मुळांना मोहरीसारखे बारीक, चमकणारे दाणे चिकटले होते. शेकडो, हजारो.

"अंडी?" तांबट कुजबुजला. भोयाने होकारार्थी मान डोलावली. तांबटाच्या बायकोने तोंडावर हात ठेवला. तिला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं.

पुढच्या पावसाळ्यात नवा बांध उभा राहिला आणि तळं भरलं. अख्खा गाव मडकी घेऊन वाजतगाजत तळ्यावर गेला. पाण्यात ते दहा मासे आणि त्यांची बोटभर लांबीची पिल्लं सुटली आणि सोन्याची रेघ उमटावी तशी खोल पाण्यात पसरत गेली. शेवटचं मडकं भोयाने मात्र सोडलं नाही. त्याने ते तांबटाच्या हातात दिलं.

"ही पिल्लं तुझ्या टाक्यात असू देत. बांधाचा काय भरवसा? दरवर्षी थोडं बीज तुझ्याकडे राहील."

"माझ्याकडे?" तांबटाला खरंच वाटेना. "बाबा, एक गेला होता माझ्याकडून."

"ठाऊक आहे," भोई म्हणाला. "ते तू स्वतः सांगितलंस. म्हणूनच तुझ्याकडे."

तांबटाने मडकं छातीशी धरलं आणि बायकोसोबत गावाच्या दिशेने चालू लागला. एक थेंबही सांडू नये म्हणून तो आयुष्यात पहिल्यांदा इतका सावकाश चालत होता.

मुलांनो, या गोष्टीचं तात्पर्य: ज्याच्यावर आपला जीव असतो, त्याच्यासाठी कधी धावायचं आणि कधी हात आवरायचा हे ज्याला कळतं, त्याचीच माया खरी राखण करते.