एक अंडं तिचं

दवाखान्यामागच्या टेकाडावर तो कोनाड्यांचा मनोरा दिसतो ना, त्याच्या कोनाड्यांत शाडूची अंडी आहेत. हात लावू नका, बायांनी नवसाची ठेवलीत.

पूर्वी हा दवाखाना म्हणजे धर्मशाळा होती, म्हणे. शेजारी गोजराबाई राहायची. नवरा लढाईवर निघाला तेव्हा त्याच्यासमोरच ती नवस बोलली, की ते सुखरूप येईपर्यंत धर्मशाळेच्या पायरीवर पारव्यांना रोज जोंधळे घालीन. नेम कधी चुकला नाही. पारवे मात्र वाढतच गेले. तुळयांवर घरटी, अंथरुणांवर घाण, दिवसभर नुसती फडफड. वाटसरू खोकू लागले, आणि गोजराची सासू ठकूबाईसुद्धा.

"माझ्या लेकासाठी पारवं जगव, अन् त्याच्या आईला वर पोचव!" सासू खोकता खोकता म्हणायची.

शेवटी पाटलांनी जाळी लावून पारवे मारायचं ठरवलं. गोजराचा जीव थाऱ्यावर राहिना. नवस मोडला तर धन्याचं कसं होईल? पाळला तर सासूचा श्वास, आणि ही मुकी पाखरं? दूध उतू जाई, तिला भान नसे.

असं सांगतात, की एके सकाळी कोंबडीची अंडी काढताना तिनं सवयीनं एक मागे ठेवलं, कोंबडीनं जागा सोडू नये म्हणून. हात तिथंच थांबला.

तिनं पाटलांकडून मुदत मागून घेतली. टेकाडावर हा मनोरा उभा राहिला. जोंधळे तिथंच पडू लागले, पारवे तिकडे वळले, मग धर्मशाळेच्या फटी बुजवल्या. पारवीनं अंडी घातली की गोजरा त्यातलं एक ताजं अंडं उचलायची आणि त्याजागी शाडूचं ठेवायची, म्हणजे पारवी जागा सोडत नसे आणि पिल्लू एकच निघे.

"आईला फसवतेस होय गं?" सासूनं विचारलं.

"दोनातलं एकच घेते, आत्याबाई. एक तिचं राहू दे."

पारवे वाढायचे थांबले. पण जागा बदललेला नवस देवाला पोचतो का, या घोरानं ती सारखी वाटेकडे बघायची.

एके दिवशी नवरा आला. पायरीवर एक पारवा नाही! नवस मोडला? की गोजराच राहिली नाही? तेवढ्यात टेकाडावरून घुमणं ऐकू आलं, आणि पायरीवरून आईचा खणखणीत आवाज: "आलास? पाय धू आधी, आत्ताच पुसलीय!"

आजही घरचं माणूस परगावी गेलं की बाया इथं शाडूचं अंडं आणतात. एका कोनाड्यात एकच ठेवायचं. दुसरं तिचं असतं.