यसूबाईची भजी आणि भोपळ्याची वेल

वेलींना तोंड होतं आणि माणसांना ते ऐकू यायचं, तेव्हाची गोष्ट. यसूबाईच्या परसात भोपळ्याची वेल फुलली होती. काही फुलांच्या बुडाशी इवलासा भोपळा होता, बाकीची नुसत्या दांडीवर उभी, परागाने माखलेली.

यसूबाई भजीसाठी फुलं खुडायला आली, तशी भोपळेवाली फुलं नाक वर करून म्हणाली, "बाई, ती दांडीवरली ने. पोटी फळ नाही, नुसती आयतं खायला बसलीत."

वेल संतापली. "भवान्यांनो, त्यांचा पराग भुंगा तुमच्यापर्यंत आणतो, तेव्हा तुमचं फळ धरतं. यसू, चार तरी ठेव गं."

"चार ठेवली तर परात कशी भरायची?" म्हणत यसूबाईने रोज सकाळी सगळी दांडीवरली फुलं खुडली. भुंगा यायचा आणि कोरडाच जायचा. इवले भोपळे पिवळे पडून गळून गेले. नाक वर करणारी फुलंही त्यांच्याबरोबर मातीत पडली.

महिन्याने यसूबाई विळा घेऊन आली. "वांझ निघाली मेली. उपटूनच टाकते."

वेल कडाडली, "माझ्या घरचे सगळे बाप तळून खाल्लेस तू, आणि वांझ मी होय गं?"